जुन्या संगणकास लिनक्सची जोड



महाड-पोलादपूरच्या डोंगरपट्ट्यातील एखाद्या शाळेत जुना संगणक कापडाखाली झाकलेला आढळला तर नवल नाही. पुष्कळदा यंत्र मोडलेले नसते. ते चालविणारी कार्यप्रणाली कालबाह्य झालेली असते. विंडोज १० या प्रणालीस निर्मात्यांकडून मिळणारा नित्याचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि अनेक जुन्या यंत्रांवर तिची पुढील आवृत्ती बसत नाही. मग संगणक जडवस्तू नोंदवहीत राहतो, मुलांच्या हाती लागत नाही. अशा यंत्रास पुन्हा कामास लावण्याचा एक मार्ग लिनक्स हा होय.

अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली मुक्त प्रणालीचा संकल्प जाहीर केला. तिला गाभा मिळाला तो १९९१ साली, हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याकडून. इंग्रजीत ‘फुकट’ आणि ‘मुक्त’ यांस एकच शब्द असल्याने तेथे घोटाळा होतो. मराठीत तो होण्याचे कारण नाही. लिनक्स बहुधा फुकट मिळते, परंतु तिचे मोल मुक्त असण्यात आहे. ती वापरण्याचा, तपासण्याचा, बदलण्याचा व दुसऱ्यास देण्याचा अधिकार परवान्यानेच दिलेला असतो. एका शाळेने आणलेली प्रत केंद्रातील इतर शाळांना दिली, तर ती चोरी ठरत नाही.

कागदावरचा अधिकार आणि बजावलेला अधिकार यांतील अंतर महाडकरांना समजावून सांगावयास नको. चवदार तळे सर्वांस खुले असल्याचा नगरपालिकेचा ठराव आधीच झालेला होता. पाणी ओंजळीत घेतले गेले ते २० मार्च १९२७ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली. तो लढा माणुसकीचा होता. यंत्राच्या परवान्याशी त्याची बरोबरी होऊ शकत नाही. तरी मिळालेला अधिकार वापरावा लागतो, एवढे खरे.

लिनक्स या जिल्ह्यास अगदी अपरिचितही नाही. कर्जत तालुक्यातील एका धनगरवाड्यावरील छोट्या शाळेत २००७ साली मुलांच्या हाती हिरवे-पांढरे लहान संगणक आले. त्यांत लिनक्सच होते.

शिक्षकाची खरी भीती निराळी असते: यंत्र बिघडले तर जबाबदार कोण? म्हणून प्रारंभ ‘थेट’ पद्धतीने करावा. महाडसारख्या, जोडणी बरी असलेल्या ठिकाणी लिनक्स मिंटची किंवा अन्य हलक्या आवृत्तीची प्रत उतरवून ती साध्या नकलेने नव्हे, तर त्यासाठीच्या आज्ञावलीने पेनड्राइव्हवर लिहावी. त्या वेळी पेनड्राइव्हवरील आधीचे सर्व पुसले जाते, हे विसरू नये. नंतर तो शाळेच्या संगणकास लावून यंत्र सुरू करताना एफ१२ किंवा त्या यंत्राची ठरलेली कळ दाबावी व पेनड्राइव्ह निवडावा. प्रणाली तेथूनच चालू होते. प्रतिष्ठापनेची आज्ञा दिली नाही, तर यंत्रातील चकतीवरचे काही बदलत नाही. ध्वनी, छपाई व जोडणी नीट चालते की नाही ते पाहावे. मात्र या अवस्थेत केलेले काम यंत्र बंद होताच नाहीसे होते. पावसाळ्यात वीज केव्हा जाईल याचा नेम नसलेल्या गावी तर ते लगेच दुसऱ्या पेनड्राइव्हवर साठवावे.

दोन गिगाबाइट स्मृती असलेल्या यंत्रावर हलकी आवृत्ती चालते. चार असल्यास काम सुखाने होते. फार जुन्या, बत्तीस बिटांच्या यंत्रांस मात्र बहुतेक नव्या आवृत्त्या चालत नाहीत, तेथे उगाच वेळ दवडू नये.

आठवडाभर पारख झाल्यावर, मुख्याध्यापकांची व वरिष्ठांची संमती घेऊन आणि मुलांच्या नोंदी दोन ठिकाणी उतरवून ठेवूनच कायमची प्रतिष्ठापना करावी. त्यानंतर कळफलकाच्या मांडणीत मराठी इनस्क्रिप्ट निवडावी. तीत स्वर डाव्या हाताकडे व व्यंजने बहुतांशी उजव्या हाताकडे असल्याने बाराखडी आलेल्या मुलास ती लवकर उमगते. शिक्षकास, विशेषतः जुन्या टंकलेखनाची सवय असलेल्यास, थोडे अधिक दिवस लागतात.