अपुरी राहिलेली दुरुस्ती

आणीबाणीतील स्थानबद्धांच्या याचिका ऐकण्याचा अधिकार नागपूर खंडपीठासह अनेक उच्च न्यायालयांनी मान्य केला होता. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने ते दार बंद केले. विरोधात न्यायमूर्ती हंसराज खन्ना एकटे उभे राहिले. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने जीविताचा व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही अबाधित केला. मात्र सल्लागार मंडळाच्या अभिप्रायाविना स्थानबद्धतेची मुदत तीनवरून दोन महिन्यांवर आणणारी तिच्यातील तरतूद एकाही सरकारने आजवर अमलात आणलेली नाही. संविधानदिनी सरनामा वाचताना समुद्रपूर तालुक्यातील गावोगावी या विलंबाचाही जाब विचारला गेला पाहिजे. सत्तेवरील बंधन कागदावर असून भागत नाही. ते जनतेच्या जागरूकतेवरच टिकते.