आपोआप पैसा देणारें यंत्र

व्हिएन्ना येथें १७७० सालीं वोल्फगांग फॉन केंपेलेन नांवाच्या गृहस्थानें सम्राज्ञी मारिया थेरेसा हिच्या दरबारांत एक यंत्र आणून ठेवलें. एक मोठी लांकडी पेटी, तिच्यामागें तुर्की पोषाखांतला पुतळा आणि पुढें बुद्धिबळाचा पट. किल्ली दिली कीं पुतळ्याचा हात उचले, सोंगटी हाले आणि भल्याभल्यांवर मात होई. डाव सुरू होण्यापूर्वीं पेटीचीं दारें एकामागून एक उघडून आंतील चाकें प्रेक्षकांस दाखविलीं जात. १८०९ सालीं नेपोलियनहि या पुतळ्याशीं खेळला आणि हरला. पेटींत एक पट्टीचा खेळाडू अंग चोरून बसलेला असे. दारें ज्या क्रमानें उघडत त्या क्रमानें तो सरकत्या आसनावरून बाजूला होई. चाकें खरीं होतीं, फिरतहि होतीं. पण डाव खेळण्याशीं त्यांचा कांहीं संबंध नव्हता.

या पेटीची आठवण व्हावी असा एक व्यवहार आज शहरोशहरीं चालला आहे. मोबाइलवर निरोप येतो. कोणी एक संगणकीय आज्ञावली तयार झाली आहे. तिला कोणी बॉट म्हणतात, कोणी कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात. ती शेअरबाजारांत, परकीय चलनांत किंवा बिटकॉइनसारख्या आभासी नाण्यांत अहोरात्र देवघेव करते आणि नफा काढते. गिऱ्हाइकानें रक्कम ठेवावी आणि रोज शेंकडा एक या दरानें होणारी वाढ पाहत बसावें, याहून त्याला काम नाहीं. पडद्यावर आलेख वर चढत असतो, हिरवे आकडे लुकलुकत असतात. ही दाखविलेलीं चाकें होत.

शेंकडा एक हा आकडा मोठ्या हुशारीनें निवडलेला असतो. पन्नास म्हटलें तर मनुष्य दचकतो. एक म्हटलें म्हणजे त्याला बोलणें माफक वाटतें. तेव्हां कागद-पेन्सिल घेऊन बसावें हें बरें. दहा हजार रुपये ठेवले आणि रोजचा नफा त्यांतच मिळवूं दिला, तर वर्षाअखेर सुमारें ३ लाख ७८ हजार होतात. दुसऱ्या वर्षाअखेर १ कोटि ४३ लाख. तिसऱ्या वर्षीं ५४ कोटि, चौथ्या वर्षीं दोन हजार कोटींच्या वर आणि पांचव्या वर्षाअखेर सुमारें ७७ हजार कोटि. मुंबई महानगरपालिकेचा २०२५-२६ सालचा सबंध अर्थसंकल्प ७४,४२७ कोटि रुपयांचा होता. म्हणजे गिरगांवांतील चाळींत राहणाऱ्या एखाद्या कारकुनानें दिवाळीच्या बोनसांतून दहा हजार बाजूला टाकले, तर पांच वर्षांनीं त्यानें सगळी मुंबई आपल्या खर्चानें वर्षभर चालवावी! असें यंत्र ज्याच्यापाशीं आहे तो अनोळखी माणसांना निरोप पाठवून त्यांचे दहा-दहा हजार कशासाठीं गोळा करील? एखाद्या बँकेकडून शेंकडा पंधरा व्याजानें कर्ज काढलें तरी त्याचें काम भागलें असतें. दुभती गाय दारोदार वांटीत फिरणारा गवळी कोणीं पाहिलेला नाहीं.

आज्ञावलीनें चालणारी देवघेव ही मुळांतच थाप आहे असें मात्र नव्हे, आणि फसविणाऱ्याचें खरें बळ येथेंच आहे. बाजारांत अशीं यंत्रें आहेत व तीं नफाहि काढतात. ‘सेबी’नें सप्टेंबर २०२४ मध्यें एक पाहणी प्रसिद्ध केली. शेअरबाजारांतील फ्यूचर्स व ऑप्शन्स या वायद्यांत २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत जे वैयक्तिक व्यापारी उतरले, त्यांपैकीं शेंकडा ९३ जणांना तोटा झाला, असें तींत आढळलें. त्याच बाजारांत परदेशी गुंतवणूकसंस्था आणि स्वतःच्या भांडवलावर खेळणाऱ्या पेढ्या यांना २०२३-२४ सालीं हजारों कोटींचा नफा झाला. त्या नफ्यापैकीं अनुक्रमें शेंकडा ९७ व ९६ इतका भाग आज्ञावलीनें केलेल्या व्यवहारांतला होता. यंत्र आहे, पण तें पटाच्या पलीकडल्या बाजूला बसलेलें आहे. ज्या पेढीनें तें उभारलें ती तें पांच हजार रुपयांस कोणाला देऊं करीत नाहीं. शिवाय असलें खरें यंत्र एखाद्या दिवशीं कमावतें, एखाद्या दिवशीं गमावतें. ज्याच्या हिशेबांत सोमवार ते रविवार एकसारखा नफा दिसतो त्याचा बाजाराशीं संबंध नाहीं असें खुशाल समजावें. शनिवार-रविवारीं शेअरबाजार बंद असतो एवढी गोष्ट ध्यानांत ठेवली असती तरी कित्येक घरें वांचलीं असतीं.

ही युक्ति संगणकाच्या आधींची आहे. १९१९ च्या अखेरीस बोस्टन येथें चार्ल्स पॉन्झी यानें पंचेचाळीस दिवसांत शेंकडा पन्नास नफा देण्याची पेढी काढली. त्याचें यंत्र टपालाचें होतें. परदेशांत स्वस्त मिळणारीं उत्तर-टपालाचीं कुपनें आणून अमेरिकेंत त्यांचीं महाग तिकिटें घ्यावयाचीं, असें तो सांगे. हिशेब कागदावर बरोबर उतरत होता. पुढें क्लॅरेन्स बॅरन या अर्थपत्रकारानें नुसती मोजणी केली. पॉन्झीनें घेतलेल्या ठेवींना पुरावयास सोळा कोटि कुपनें लागलीं असतीं. चलनांत होतीं सुमारें सत्तावीस हजार. यंत्र दाखवा असें न म्हणतां, यंत्र असतें तर त्याच्या खुणा कोठें दिसल्या असत्या, असा प्रश्न त्यानें विचारला. संशय पसरतांच लोक पैसे परत मागावयास धांवले, तेव्हां पॉन्झीनें रांगेंतल्या माणसांना रोख पैसे मोजून दिले, आणि तें पाहून कित्येकजण रांग सोडून घरीं गेले. ऑगस्ट १९२० मध्यें सगळें कोसळलें. पैसे परत मिळाले ही गोष्ट सचोटीचा पुरावा होत नाहीं, हें त्या रांगेइतकें स्पष्ट दुसऱ्या कशानेंहि दिसत नाहीं.

शंभर वर्षांनंतर दक्षिण आफ्रिकेंत मिरर ट्रेडिंग इंटरनॅशनल ही संस्था निघाली. तिचा चालक योहान स्टाइनबर्ग हा स्वयंचलित बॉटच्या जोरावर नफ्याची ग्वाही देत असे. लोकांनीं त्याच्याकडे २९,४२१ बिटकॉइन सोंपविलीं. त्यांची किंमत १७० कोटि डॉलरांच्या वर होती. अमेरिकेच्या वायदेबाजार-नियामक आयोगानें २०२२ सालीं त्याच्याविरुद्ध दावा लावला, तेव्हां सांगितला तसा बॉट नफा कमावीत नव्हता आणि ठेवीदारांचीं नाणीं परस्पर गिळंकृत झालीं होतीं, असें त्या आयोगानें मांडलें. २०२३ सालीं न्यायालयानें सर्व रक्कम भरून देण्याचा व तितकाच दंड भरण्याचा हुकूम केला. तोंवर स्टाइनबर्ग देश सोडून पळाला होता आणि ब्राझीलमध्यें पकडला गेला होता.

असाच प्रकार महाराष्ट्राच्या अगदीं घरांत घडलेला आहे. २०१५ सालीं निघालेल्या ‘गेनबिटकॉइन’ या योजनेंत यंत्राचें रूप थोडें निराळें होतें. दूर कोठें तरी संगणकांच्या ‘खाणी’ आहेत, त्या नवीं बिटकॉइन काढतात, त्यांत वांटा घ्यावा आणि अठरा महिनेपर्यंत दरमहा शेंकडा दहा मिळवावे, असें आश्वासन होतें. केंद्रीय अन्वेषण विभागाच्या म्हणण्याप्रमाणें प्रारंभीं लोकांना बिटकॉइनमध्येंच पैसे मिळाले. नवीं माणसें येण्याचा ओघ आटला, तेव्हां २०१७ मध्यें योजनेनें स्वतःचेंच एक नाणें काढलें आणि तें, खऱ्याहून फार कमी मोलाचें असतांना, लोकांच्या हातीं ठेवलें. योजनेचा प्रवर्तक अमित भारद्वाज याला पुणें पोलिसांनीं २०१८ सालीं अटक केली. तो जानेवारी २०२२ मध्यें वारला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानें देशभरचे खटले केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेले, आणि फेब्रुवारी २०२५ मध्यें साठांहून अधिक ठिकाणीं झडत्या झाल्या. त्यांत पुणें, कोल्हापूर व नांदेड हीं गांवें होतीं. पैसे भरल्याला तोंवर कित्येकांना सात-आठ वर्षें लोटलीं होतीं.

कोल्हापूर-नांदेडपर्यंत अशी योजना पोहोंचते ती वर्तमानपत्रांतील जाहिरातीनें नव्हे. ती नात्याच्या वाटेनें जाते. एखाद्या घरीं रविवारीं सकाळीं भाचा येतो. मुलगा सालस, नोकरीस लागलेला. तो म्हणतो, “मामा, तुमच्या निवृत्तीचे पैसे बँकेंत नुसते पडून आहेत. मला स्वतःला चार महिने पैसे मिळाले आहेत, हें पाहा.” तो मोबाइल पुढें करतो. आंकडा खरा असतो, बँकेंत आलेली रक्कमहि खरी असते, आणि भाचा एक अक्षर खोटें बोलत नसतो. मामांचें मन वळूं लागतें. तेवढ्यांत स्वयंपाकघराच्या दारांत उभी असलेली मामी विचारते, “अरे, आणखी एक माणूस आणलास तर तुला काय मिळतें?”

“शेंकडा पांच, मामी. पण तें वेगळें.”

तें वेगळें नसतें. नफा बाजारांतून येत असता तर माणसें आणून देणाऱ्याला बक्षीस देण्याची गरज नव्हती. बाजारांत माल विकणाऱ्या यंत्राला भाच्याच्या मामांशीं काय करावयाचें आहे? मामांची ठेव हीच भाच्याची पुढील महिन्याची कमाई, आणि मामांची पुढील कमाई ही ज्याला ते उद्यां घेऊन येतील त्याची ठेव. पेटींतला दडलेला खेळाडू तो हाच. मामीनें विचारलेला प्रश्न शंभर तांत्रिक प्रश्नांपेक्षां कामाचा आहे, आणि तो विचारावयास संगणकाचें ज्ञान लागत नाहीं. मात्र तो विचारावयास धीर लागतो. भाच्याचा अपमान होईल, बहिणीला वाईट वाटेल, या भिडेनें कित्येक मामांनीं तोंड उघडलें नाहीं. पुढें पैसेहि गेले आणि भाऊबिजेचें जाणेंयेणेंहि बंद पडलें.

दुसरी खूण पैसे भरतेवेळीं दिसते. रक्कम संस्थेच्या नांवें न जातां आज एका व्यक्तीच्या खात्यांत, उद्यां भलत्याच नांवाच्या दुकानाच्या खात्यांत भरावयास सांगतात. तिसरी खूण पैसे काढतेवेळीं. पहिल्यांदां हजार-दोन हजार मागितले तर तत्काळ मिळतात. तें आमिष असतें. मोठी रक्कम मागितली म्हणजे उत्तर येतें कीं, आधीं शेंकडा वीस ‘कर’ भरा, मग खातें मोकळें होईल. कर कापावयाचा तर तो देण्याच्या रकमेंतून कापला जातो. आपलेच पैसे मिळण्यासाठीं नवे पैसे भरावे लागतात असा कर भारत सरकारनें कोणत्याहि ॲपच्या हातीं दिलेला नाहीं.

नोंदणीचें प्रमाणपत्र दाखविलें जातें, त्यानेंहि भुलून जाऊं नये. कंपनी म्हणून नोंद होणें निराळें आणि लोकांच्या ठेवी घेण्याचा परवाना निराळा. २०१९ च्या कायद्यानें अनियंत्रित ठेव-योजना चालविणें हा गुन्हा ठरविलेला आहे. गुंतवणुकीचा सल्ला देणाऱ्यांचीं व दलालांचीं नांवें ‘सेबी’च्या संकेतस्थळावर पाहतां येतात. सप्टेंबर २०२२ मध्यें ‘सेबी’नें दलालांस असें बजावलें कीं, आज्ञावलीच्या मागील किंवा भावी नफ्याचा आंकडा सांगून तिचा प्रचार करूं नये, आणि तसा प्रचार करणाऱ्यांशीं संबंधहि ठेवूं नये. तेव्हां जो कोणी यंत्राच्या नांवानें ठराविक नफ्याचें वचन देतो, त्याची परीक्षा त्या वचनानेंच होऊन जाते. मंत्र्यांच्या व नामांकित उद्योगपतींच्या तोंडीं असलीं वचनें घातलेल्या चित्रफितीहि हल्लीं फिरतात. केंद्रीय अर्थमंत्र्यांच्या अशा चित्रफिती बनावट असल्याचें पत्र सूचना कार्यालयानें २०२५ सालीं जाहीर केलें. चेहरा आणि आवाज दोन्ही आतां यंत्रानें घडवितां येतात. या सगळ्या प्रकरणांत खरोखर काम करणारें यंत्र असेल तर तें एवढेंच.

पैसे गेल्यावर पहिले कांहीं तास मोलाचे असतात. १९३० या क्रमांकावर तत्काळ दूरध्वनि केल्यास रक्कम पुढच्या खात्यांत सरकण्यापूर्वीं बँकांमार्फत ती अडविण्याचा यत्न होतो. राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावरहि तक्रार नोंदवितां येते. लाजेनें दोन दिवस गप्प बसलेल्या माणसाचे पैसे तोंवर चार-पांच खात्यांतून फिरून आभासी नाण्यांच्या रूपानें देशाबाहेर गेलेले असूं शकतात. आणि मग कांहीं आठवड्यांनीं त्याच माणसाला आणखी एक दूरध्वनि येतो. बोलणारा स्वतःस वकील किंवा सरकारी अधिकारी म्हणवितो. बुडालेल्या रकमेचा आंकडा त्याला पैशासकट ठाऊक असतो. ती परत मिळवून देण्याची व्यवस्था झाली आहे, फक्त थोडें शुल्क आधीं भरावें लागेल, असें तो सांगतो. तो आंकडा त्याला कोठून कळला, एवढें विचारून दूरध्वनि खालीं ठेवावा.