गाठ एकसारखी, आजार वेगळा



मी पॅथॉलॉजिस्ट आहे. आज ज्या आजाराविषयी बोलणार आहे, तो बऱ्याचदा तुम्हा विद्यार्थ्यांच्याच वयाच्या मुलामुलींना गाठतो.

खोकला, धाप, चेहऱ्यावर सूज. एक्स-रे काढला की दोन फुप्फुसांच्या मध्ये भलीमोठी गाठ दिसते. आपल्याकडे पहिली शंका टीबीची येते आणि ती रास्तच आहे. पण अशी गाठ लिम्फोमाची, म्हणजे लसिका पेशींच्या कर्करोगाचीही असू शकते. हॉजकिन, मिडियास्टायनल लार्ज बी-सेल आणि लिम्फोब्लास्टिक हे तिन्ही लिम्फोमा स्कॅनवर सख्ख्या भावंडांसारखे दिसतात. औषधं मात्र तिघांची निरनिराळी. म्हणून गाठीचा तुकडा तपासावाच लागतो.

तो तुकडा फॉर्मालिनमध्ये ठेवून, मेणाच्या ब्लॉकमध्ये बसवून आमचे तंत्रज्ञ त्याचे तीन-चार मायक्रॉनचे काप काढतात. फार कसबी हात लागतो त्याला! हॉजकिनच्या स्लाइडवर बहुधा जाड तंतूंचे पट्टे दिसतात, त्यांच्या मधल्या जागेत साध्या पेशींची दाटी असते आणि त्या दाटीत मोजक्याच अवाढव्य पेशी. दोन केंद्रकं, दोन्हींत ठसठशीत न्यूक्लिओलस. हीच रीड-स्टर्नबर्ग पेशी. या नावातल्या स्टर्नबर्ग यांना 1898 मध्ये हा आजार क्षयाचाच (टीबीचाच) एक प्रकार वाटला होता. 1902 मध्ये जॉन्स हॉपकिन्समध्ये काम करणाऱ्या डोरोथी रीड या तरुण डॉक्टरने स्लाइड बारकाईने पाहून ठामपणे मांडलं की हा क्षय नव्हे. तिशीही ओलांडली नव्हती तिने. मला तिचं आजही फार कौतुक वाटतं.

लार्ज बी-सेलमध्ये मात्र मोठ्या पेशींचेच थरच्या थर असतात. तरीही नजर फसते, म्हणून आम्ही मार्कर लावतो, म्हणजे पेशींतली ठरावीक प्रथिनं रंगवून पाहतो. सीडी 30 हा मार्कर हॉजकिन आणि लार्ज बी-सेल दोन्हींत रंगू शकतो, त्यामुळे एकट्या त्याच्यावर विसंबून चालत नाही. सीडी 15 हॉजकिनकडे झुकतो. सीडी 20 आणि सीडी 45 ठळक आले तर बी-सेलकडे. रिटुक्सिमॅब हे औषध नेमकं सीडी 20 लाच धरतं, म्हणजे या रंगावर उपचारही ठरतात. टीडीटी हा मार्कर रंगला तर विचार लिम्फोब्लास्टिकचा.

काही गाठी हॉजकिन आणि लार्ज बी-सेल या दोन्हींच्या मधोमध राहतात. 2008 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणाने त्यांना स्वतंत्र जागा दिली. आम्ही त्यांना ग्रे झोन म्हणतो. ओढूनताणून एखादं नाव देण्यापेक्षा तसं स्पष्ट लिहिणं मला प्रामाणिकपणाचं वाटतं.

तुमच्यातले काही जण डॉक्टर होतील, काही लॅबमध्ये काम करतील. त्यांना आत्ताच सांगून ठेवतो. रुग्णाचा श्वास कोंडून जीव धोक्यात नसेल, तर बायोप्सीआधी स्टेरॉइड देऊ नका. लिम्फोमाच्या पेशी त्याने विरघळून जातात आणि आमच्या हाती नुसता मृत ऊतींचा चुरा येतो. सुईने घेतलेला तुकडा चिरडलेला किंवा अपुरा असेल, तर दुसरा मागायला संकोचू नका.