पत्रे बदलायचे, पण पॅनल कोण काढणार?
(प्रभागसंघाच्या सभेत एका ताईंनी मांडलेले मनोगत)



पावसाळा तोंडावर आला की घरोघरी छताचं काम निघतं. आता बऱ्याच छतांवर सोलर आहे. आमचे पत्रे बदलायचे होते, तेव्हा दिरांनी मेन स्विच बंद केला आणि पाना घेऊन वर चढले. शेजारच्या वायरमनभाऊंनी ओरडून थांबवलं, म्हणून निभावलं.

लक्षात ठेवा, मेन स्विच बंद केला तरी ऊन असेपर्यंत पॅनलमध्ये वीज असतेच. चालू जोड उपसला की ठिणगी उडते, शॉक बसतो. म्हणून गवंड्याला किंवा घरच्यांना पॅनल काढू देऊ नका. ज्याने बसवलं त्यालाच बोलवा.

सूर्यघर योजनेत बसवणाऱ्याकडे पाच वर्षं देखभाल असते. काढण्या-बसवण्याचा खर्च त्यात धरलाय का, ते विचारा. नसेल तर दर आधी कागदावर लिहून घ्या. काढण्याआधी वायरींचे फोटो काढा. उतरवलेल्या पॅनलवर कुणी बसू नका, पाय देऊ नका. काच शाबूत दिसते, पण आतून तडे जातात. परत बसवताना बोल्टची भोकं नीट बुजवली का आणि अर्थिंग जोडलं का, हे स्वतः उभं राहून बघा.

आणि ज्यांनी अजून सोलर घेतलं नाही, त्यांनी आधी छत बघा. पॅनल 25 वर्षं टिकतं. खालचा पत्राच गंजलेला असेल, तर आधी पत्रा बदला, मग सोलरचा अर्ज भरा.