पाहण्याला लागणारा वेळ



नदीकाठी गेले म्हणजे आपण एखादा गोटा उचलतो, तळहातावर फिरवतो आणि बहुधा पुन्हा पाण्यात भिरकावून देतो. अमेरिकेतील चित्रकर्त्री व्हिया सेलमिन्स यांनी तसे केले नाही. उत्तर न्यू मेक्सिकोत, रिओ ग्रांदे नदीच्या काठी त्यांनी गोटे वेचले. त्यांतले अकरा निवडले, प्रत्येकाची ब्राँझमध्ये ओतीव प्रतिकृती केली आणि मूळ दगड समोर ठेवून तिच्यावर रंग चढवला. ठिपका न् ठिपका, रेघ न् रेघ. १९७७ साली हाती घेतलेले हे काम १९८२ साली पुरे झाले. अकरा दगडांसाठी सुमारे पाच वर्षे!

आता कुणी विचारील, दगड आहेत ना, मग त्यांची नक्कल कशाला? प्रश्न रास्त आहे. पण दगड आणि त्याचा जोडीदार शेजारी मांडले, की खरा कोणता हे ओळखण्यासाठी आपण वाकतो, निरखतो. एरवी ज्याच्याकडे ढुंकूनही पाहिले नसते, त्या दगडाला आपण वेळ देतो. नक्कल हे निमित्त, हेतू पाहण्याचा.

या मांडणीला त्यांनी नाव दिले, त्याचा अर्थ ‘प्रतिमा स्मृतीत पक्की करणे’. सेलमिन्स यांचा जन्म १९३८ सालचा, लाटव्हियातील रिगा शहरातला. १९४४ साली, युद्धाच्या धामधुमीत, कुटुंबाला देश सोडून जर्मनीत जावे लागले. १९४८ साली ते अमेरिकेत आले. दहा वर्षांच्या आत दोन देश मागे पडले. कलाकृतीचा सगळा अर्थ चरित्रातून काढू नये, हे खरं. तरीही ‘स्मृतीत पक्की करणे’ हे शब्द अशा माणसाच्या तोंडी निराळे वजन घेऊन येतात.

हीच चिकाटी त्यांच्या मुद्राचित्रांत दिसते. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर त्यांनी समुद्राची छायाचित्रे घेतली होती. १९९२ साली त्यांनी समुद्राचा पृष्ठभाग लाकडी ठोकळ्यावर कोरला. चित्रात ना क्षितिज, ना जहाज; नुसत्या लाटा. या कामाची रीत अशी, की कोरून काढलेला भाग कागदावर पांढरा राहतो आणि न कोरलेल्यावर शाई बसते. म्हणजे हातातले हत्यार उजेड कोरत जाते. एकदा निघालेला लाकडाचा कपचा परत बसवता येत नाही. म्हणून प्रत्येक रेघेआधी डोळ्याने नीट पाहिलेच पाहिजे.

गंमत पाहा. लाट पळभराची. कॅमेऱ्याने ती टिपली, त्याला पळही लागला नाही. पण तीच लाट लाकडात उतरवायची, तर एकेका तरंगापाशी थांबावे लागते. निसटून गेलेल्या क्षणाला हाताने असा पुन्हा अवधी मिळतो, आणि तो अवधी छापून कागदावर येतो.

अशा चित्रासमोर घाईने उभे राहिले, तर करडा कागद दिसेल. थोडे थांबा. नजर आधी एका तरंगावर स्थिरावेल, मग दुसऱ्यावर सरकेल. कोरणाऱ्या हाताची चाल हळूहळू आपल्या डोळ्यांना लागेल. समुद्र दिसू लागतो तो त्यानंतर.