घर सोडलेल्या मुलांची पहिली रात्र

दसरा उलटला म्हणजे गेवराई तालुक्यांतील चकलांबा व आसपासच्या गांवांतून ऊसतोडणीच्या टोळ्या बाहेर पडूं लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. मजुरीचा हिशेब कोयत्यावर, आणि कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. मग पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीचें लग्न हंगामापूर्वींच उरकून टाकावें, असें घरांत बोलणें निघतें. 2019 ते 2021 या काळांतील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत बीड जिल्ह्यांतील 20 ते 24 वर्षांच्या स्त्रियांपैकीं 43.7 टक्के स्त्रियांचीं लग्नें वयाच्या 18 वर्षांपूर्वीं झालेलीं आढळलीं.

अशी एखादी मुलगी घरांतून निघाली तर तिनें जावें कोठें? मैत्रिणीकडे गेली तर तासाभरांत घरीं निरोप पोंचतो. एस्. टी. नें गेवराई गांठली तर पुढें धुळें-सोलापूर महामार्ग. तेथें रात्रीं विचारपूस करणारा प्रत्येक जण हितचिंतक असतोच असें नाहीं. मुलगा पळाला तर घरचे दोन दिवस वाट पाहतात. मुलगी पळाली तर अब्रूच्या भीतीनें तोंडच उघडीत नाहींत. दोन्हीं प्रकारांत मोलाचा वेळ जातो.

मुंबई इलाख्यांत मुलांसाठीं कायदा झाला तो 1924 सालीं. बीड त्या वेळीं निजामाच्या राज्यांत, तेव्हां त्याचा येथें उपयोग नव्हता. आतां 2015 चा बालन्याय कायदा सर्वत्र लागू आहे. निराधार मूल तर त्यांत येतेंच. परंतु ज्याचें लग्न वयापूर्वीं लावलें जाण्याचा धोका आहे, तें मूलही काळजी व संरक्षणास पात्र ठरतें. पळालेली मुलगी गुन्हेगार नव्हे. तिला 24 तासांच्या आंत, प्रवासाचा वेळ वगळून, जिल्ह्याच्या बालकल्याण समितीपुढें न्यावें लागतें, आणि घरीं पाठविणें तिच्या हिताचें कीं नाहीं याचा निर्णय समितीनें करावयाचा असतो.

गांवांत मात्र हा निर्णय पारावरच होतो. वडील मंडळी मुलीस समजावितात, तिन्हीसांजेस घरीं पोंचवितात, आणि मोठें सत्कार्य केल्याच्या समाधानांत निजतात. ती निघाली कां, हें कोणी विचारीत नाहीं. ज्या घरीं सुपारी फुटली आहे त्याच घरीं तिला परत नेणें म्हणजे लग्नाची तारीख अलीकडे ओढणें होय.

मुलांस आधार देणारीं माणसें या भागांत नाहींत असें नव्हे. गेवराईस संतोष गर्जे यांचें बालग्राम आहे; शिरूर कासार तालुक्यांत आर्वी येथें दीपक नागरगोजे यांनीं 2000 सालीं शांतिवन उभें केलें. पण हीं दीर्घ संगोपनाचीं घरें. मध्यरात्रीं दार उघडणारा, दोन-चार दिवसांचा निवारा ही निराळी वस्तु आहे. कायद्यांत त्यास खुला निवारा असें नांव आहे. गरज आहे ती तो तालुक्याच्या ठिकाणीं असण्याची.

तोंवर 1098 हा क्रमांक आहे. मुंबईंत 1996 सालीं सुरू झालेली ही सेवा आतां सरकार चालवितें, आणि मूल स्वतः तो फिरवूं शकतें. ग्रामसेवक हा कायद्यानें बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहे. चकलांब्यास पोलीस ठाणें आहे. तेथें आलेल्या मुलीस प्रथम भाकरी द्यावी, प्रश्न मागाहून विचारावे. बीडपर्यंतच्या वाटेंत तिच्यासोबत एक स्त्री असावी, आणि समितीच्या आज्ञेवांचून तिचा ठावठिकाणा घरच्यांस कळूं नये.