मैदानावरील चपळाई आणि मैदानाबाहेरील विवेक
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या युवक मेळाव्यात धर्मगुरूंनी दिलेले व्याख्यान)



महोत्सव समितीने आजच्या मेळाव्याकरिता मला नेमून दिलेला विषय धर्मोपदेशकाच्या तोंडून क्वचितच ऐकू येतो. खेळात तरबेज असलेली मुले मैदानाबाहेर आली म्हणजे इतके वेडेवाकडे निर्णय का घेतात, असा तो प्रश्न आहे. विचारणाऱ्यांच्या मनात त्याचे उत्तर तयारच असते. डोक्यात हवा गेली, पैसा हाती आला, संगत बिघडली, आणि मुलगा वाया गेला. हे उत्तर खोटे नाही. परंतु ते अपुरे आहे, आणि शिवाय ते आपल्या सोयीचे आहे. सगळा दोष मुलाच्या माथी मारला म्हणजे टाळ्या वाजविणारे आपण मोकळे होतो.

प्रथम मैदानाचाच विचार करा. ताशी 140 किलोमीटर वेगाने टाकलेला चेंडू फलंदाजापर्यंत पोहोचावयास सुमारे अर्धा सेकंद लागतो. एवढ्या अवधीत विचार करणे शक्य नसते. वर्षानुवर्षांच्या सरावाने घडलेले शरीरच तेथे निर्णय घेते. जो क्षणभर थबकला, तो बाद झाला. म्हणून लहानपणापासून ज्या गुणाबद्दल आपण मुलाची पाठ थोपटतो, तो गुण म्हणजे न थांबणे, कोणास न विचारणे, मनात आले ते तत्काळ करून मोकळे होणे. तोच मुलगा संध्याकाळी मैदानाबाहेर येतो, कोणी त्याच्यापुढे एक कागद सहीला धरतो, कोणी पेला धरतो, कोणी मोटारसायकलची किल्ली धरतो. आणि तेथे नेमके थांबण्याची व विचारण्याची गरज असते. ज्या गुणाने तो मोठा झाला, तोच गुण तेथे त्याचा घात करतो. ह्यात दुष्टपणा यत्किंचितही नसेल. सराव मात्र एकाच गोष्टीचा झालेला असतो.

संत थॉमस अक्वायनस ह्यांनी विवेक ह्या सद्गुणाची तीन कार्ये सांगितली आहेत: सल्ला घेणे, निवाडा करणे आणि त्याप्रमाणे मनास आज्ञा करणे. खेळाडूपाशी तिसरे सामर्थ्य विपुल असते. पहिल्याचा मात्र त्यास सराव नसतो. विवेक अनुभवाने येतो, म्हणून तो तरुणांच्या ठायी सहसा आढळत नाही, आणि ह्या बाबतीत प्रत्येकाने दुसऱ्याकडून शिकावयास तयार असले पाहिजे, असेही त्यांनी बजावले आहे. आजचे शास्त्रज्ञही सांगतात की, परिणामांचा विचार करणारा मेंदूचा पुढील भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत परिपक्व होत असतो. आणि खेळाडूची कीर्ती तर पुष्कळदा विसाव्या वर्षाच्या आतच दाराशी येऊन उभी राहते.

एक उदाहरण देतो. त्यात व्यसन नाही, लोभ नाही, म्हणूनच ते मुद्दाम निवडले आहे. पृथ्वी शॉ ह्याने 2013 साली हॅरिस शील्डच्या शालेय सामन्यात 546 धावा काढल्या. 2018 साली राजकोट येथे पहिल्याच कसोटीत शतक केले. पुढे 22 फेब्रुवारी 2019 रोजी इंदूर येथील एका सामन्याच्या वेळी त्याची उत्तेजक द्रव्य चाचणी झाली आणि तीत टर्ब्युटालिन हे निषिद्ध द्रव्य आढळले. ते खोकल्याच्या औषधात असते. औषध खोकल्यासाठीच घेतले होते, हे त्याचे म्हणणे क्रिकेट मंडळाने मान्य केले. तरीही आठ महिन्यांची बंदी आली. त्याने पुढे स्वतः सांगितले की, खोकला येऊ लागला तेव्हा त्याने वडिलांस फोन केला, त्यांनी औषध घ्यावयास सांगितले, आणि संघाच्या फिजिओस न विचारता त्याने ते घेतले. त्याचे वय तेव्हा 19 वर्षांचे होते. पाहा, त्याने सल्ला घेतला नाही असेही नाही. परंतु जो माणूस जाणत होता आणि जवळच होता, त्यास विचारण्याचे त्यास सुचले नाही. बापाने प्रेमाने सांगितले, ह्यात बापाचा दोष मी काढीत नाही. आपल्यापैकी प्रत्येक बापाने तेच सांगितले असते.

2024 च्या ऑक्टोबरात तो मुंबईच्या रणजी संघातून वगळला गेला आणि नोव्हेंबरातील आयपीएलच्या लिलावात त्यास कोणी घेतले नाही. 2025 साली मात्र तो महाराष्ट्राच्या संघात आला, ज्या संघाचे मैदान आपल्या शेजारी गहुंज्यास आहे, आणि त्याने रणजी सामन्यात द्विशतकही केले. तेव्हा कोणाचे नाव मिटवून टाकण्याची घाई करू नका.

आता पवित्र शास्त्राकडे वळू. शास्ते ह्या पुस्तकातील शमशोनाची कथा तुम्ही बालपणीच ऐकली आहे. पण आपण सिंह, गाढवाचे जाभाड आणि केस एवढेच लक्षात ठेवतो. मी तुमचे लक्ष त्याच्या आईबापांकडे वेधू इच्छितो. मानोहा व त्याची पत्नी हे देवभीरू जोडपे होते. मुलगा जन्मण्यापूर्वीच देवदूताने त्याच्याविषयी सांगून ठेवले होते. तो मोठा झाला, तिम्नास गेला, एक पलिष्टी मुलगी पाहून परतला आणि म्हणाला, ती मला करून द्या. आईबापांनी एकदा विचारले की, आपल्या लोकांत मुली नाहीत काय? त्याने पुन्हा हट्ट धरला, आणि ती दोघे त्याच्याबरोबर निघाली. विरोध झाला तो एवढाच! पुढे त्याने सिंहाच्या कलेवरातील मध खाल्ला, आईबापांसही दिला, पण तो कोठून आणला हे सांगितले नाही. ज्या घरात एका प्रश्नानंतर दुसरा प्रश्न विचारला जात नाही, त्या घरात मुलगा आणलेल्या गोष्टीचे मूळ सांगत नाही. दलिलेपर्यंत तो फार उशिरा पोहोचला. वाट तिम्नाच्या रस्त्यावरच चुकली होती.

विनोद कांबळी ह्यांचे नाव अशा वेळी हटकून निघते, म्हणून त्याविषयी थोडे बोलतो. 1988 साली शारदाश्रमाच्या दोन मुलांनी 664 धावांची अभंग भागीदारी केली. त्यांत कांबळींच्या 349 होत्या, सचिन तेंडुलकर ह्यांच्या 326. 1993 साली कांबळींनी लागोपाठच्या दोन कसोटींत 224 व 227 धावा केल्या. सतरा कसोटी सामन्यांत 54.20 ची सरासरी असूनही शेवटची कसोटी ते 1995 साली, वयाच्या 23 व्या वर्षी खेळले. दारूशी आपला झगडा चालू असल्याचे त्यांनी स्वतः जाहीरपणे सांगितले आहे. अशा माणसाकरिता प्रार्थना करावी, त्याचा दृष्टांत करू नये. वर्तमानपत्रे ह्या दोन मित्रांस समोरासमोर उभे करून एकास सद्गुण व दुसऱ्यास दुर्गुण ठरवितात, हे मला मुळीच मान्य नाही. मी एवढेच विचारतो की, एकविसाव्या वर्षी दोन द्विशतके ठोकणाऱ्या कामगारवस्तीतील मुलास ‘नको’ म्हणण्याची छाती त्या काळी कितीजणांची होती?

पूर्वी हे ‘नको’ म्हणणारा एक माणूस ठरलेला असे. तालमीत वस्ताद असे. पोरगा कितीही जोरदार असो, त्यास हौद्यातील माती खणावी लागे, झाडलोट करावी लागे, थोरांचे अंग रगडावे लागे. ती कामे करता करता तो वाट पाहण्यास आणि दुसऱ्याचे ऐकण्यास शिके. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1952 साली हेलसिंकीस गेले, ते गावकऱ्यांच्या वर्गणीवर आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर ह्यांनी घर गहाण ठेवून दिलेल्या सात हजार रुपयांवर. कांस्यपदक घेऊन परतले, तेव्हा शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. डोक्यात हवा जावयास एवढे पुरे होते! पण त्यांनी कुस्त्यांचे फड भरविले, त्यांत स्वतः उतरले, आणि त्या पैशांतून प्राचार्यांचे घर सोडविले. आपण कोणाचे देणे लागतो हे त्यांस ठाऊक होते. देणारा माणूस नावानिशी, चेहऱ्यानिशी समोर होता.

आपल्या पट्ट्यात काय आहे? बालेवाडीचे संकुल आहे, नेहरूनगरचे हॉकीचे मैदान आहे, गहुंजे आहे. साधनांची वाण नाही. पण बाप चाकणला तिसऱ्या पाळीस, आई दिवसपाळीस, आणि मुलगा सायंकाळी सरावाहून परततो तेव्हा घरास कुलूप. त्याचे दिवसभराचे बोलणे ऐकावयास टपरीवरील मित्र तेवढे उरतात. नगर जिल्ह्यातील आपल्या गावी आजोबा ओट्यावर बसलेले असत. येथे ती जागा कोण घेणार? दहावी-बारावीच्या परीक्षेत खेळाडूंस सवलतीचे गुण मिळतात, ते योग्यच आहे. विवेकाच्या परीक्षेत तशी सवलत कोणी देत नाही.

म्हणून दोन गोष्टी मी स्पष्टच सांगतो. त्या काहींस रुचणार नाहीत. स्पर्धा आहे म्हणून दृढीकरणाच्या वर्गातून मुलास कायमची सूट द्या, अशा चिठ्ठ्या माझ्याकडे येतात. खेळाचा दिवस असेल तर वर्गाची वेळ मी बदलीन, एकट्या मुलास संध्याकाळी शिकवीन. पण सूट देणार नाही. ज्यास सर्वजण सूट देतात, त्यास निदान एका दारी ती न मिळावी, ह्यात त्याचे हित आहे. संत पौलाने धावपटूंची उपमा देताना त्यांच्या वेगाचे नव्हे, संयमाचे कौतुक केले आहे, हे करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात पाहावे.

दुसरी गोष्ट महोत्सवी सामन्यांची. सामनावीरास रोख एकवीस हजार द्यावेत, अशी सूचना आली आहे, आणि देणगीदारही तयार आहेत. त्यांच्या औदार्याबद्दल मी आभारी आहे. परंतु पंधरा वर्षांच्या मुलाच्या हाती सर्वांदेखत नोटांचे पाकीट देणे मला पसंत नाही. ती रक्कम संघाच्या नावे ठेवावी, आणि बूट, जाळी, प्रवासखर्च ह्यांचा हिशेब खेळाडूंनीच, एका वडीलधाऱ्या कामगार बंधूस सोबत घेऊन, वहीत लिहावा. खर्च करावयाचा की नाही, ह्यावर त्यांचा वाद होईल. होऊ द्यावा, त्या वहीपाशीच त्यांस थांबून विचारावे लागेल. समितीची बैठक येत्या गुरुवारी सायंकाळच्या मिस्सेनंतर आहे, आणि ज्यांचे मत निराळे असेल त्यांनी तेथे ते अवश्य मांडावे.

सामन्यांपूर्वी शनिवारी मैदान साफ करावयाचे आहे. रेषा आखणे, दगड वेचणे, पाणी मारणे ही कामे ह्या खेपेस खेळाडूंकडेच राहतील, कर्णधारांसह. फावडी धर्मगुरूंच्या निवासामागील खोलीत आहेत. किल्ली माझ्याकडून घेऊन जावी.